सरखेल : दर्याचा कारभार पाहणारा माणूस

मुरगूडच्या वेदगंगेचे पाणी पूर्वेला वळते. पुढे ते दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्या रानातले पाणीसुद्धा जवळच्या समुद्राकडे पाठ करून जाते. माणसांचेही काहीसे तसेच झाले आहे. निपाणीहून येणारा रस्ता मुरगुडावरून राधानगरीला जातो, फोंडा घाट उतरतो आणि देवगडला दर्याला भिडतो. अर्ध्या दिवसाची वाट. तरीही आम्हा घाटावरच्या माणसांच्या मनात मराठेशाहीचे जे चित्र आहे त्यात घोडा आहे, भाला आहे, पन्हाळा आहे, विशाळगड आहे. गलबत मात्र नाही. पानिपतावर तासन् तास बोलणारी माणसे आमच्या पारावर भेटतात. खांदेरी कुठे आहे असे विचारले, तर तीच माणसे एकमेकांकडे बघतात.

म्हणून आज कान्होजी आंग्रे यांच्याविषयी लिहावेसे वाटले. नाव सर्वांना माहीत आहे. शाळेच्या इतिहासात त्यांच्यावर दोन ओळी असतात, त्या परीक्षेपुरत्या पाठ होतात आणि विसरल्या जातात. इंग्रजांनी लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत मात्र त्यांच्यावर पानेच्या पाने आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक पानांवर त्यांची ओळख एकच आहे : चाचा, म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. आपण त्यांना आरमारप्रमुख म्हणतो, ते लुटारू म्हणतात. यातले खरे काय? माझे आयुष्य बँकेत गेले. कागद बघितल्याशिवाय माणसाविषयी मत बनवायचे नाही, ही सवय नोकरी संपली तरी सुटलेली नाही. कान्होजींच्या बाबतीतही मला त्यांच्या तलवारीपेक्षा त्यांचे कागद जास्त बोलके वाटतात.

संकपाळांचा पोर

आंग्रे हे मूळ आडनाव नव्हे. घराणे संकपाळांचे, पुण्याजवळच्या आंगरवाडीचे. गावावरून आंग्रे झाले. संकपाळ आडनावाची घरे आमच्या कागल-भुदरगड भागातही पुष्कळ आहेत. त्यातल्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे. कान्होजींचे वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते आणि सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. म्हणजे महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत पहिली जहाजे बांधायला घेतली, त्यानंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेला हा मुलगा. हर्णैच्या किनाऱ्यावर, कोळी-भंडाऱ्यांच्या पोरांत तो वाढला. घाटावरच्या घराण्यातला असूनही त्याला समुद्र परका राहिला नाही, याचे कारण हे बालपण.

त्यांच्या तरुणपणची एक हकीकत सांगतात. सिद्दीचा सुवर्णदुर्गाला वेढा पडला होता. किल्लेदार आतून फितूर झाला आणि किल्ला देऊन टाकायच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी त्याला कैद करून किल्ल्याचा ताबा घेतला, बाहेर पडून सिद्दीच्या फौजेवर छापा घातला, त्यात ते स्वतः पकडले गेले, आणि तिथूनही निसटून रात्री पोहत किल्ल्यात परत आले. कादंबरीकाराला असा प्रसंग म्हणजे पर्वणी. पण मला त्यातले पोहणे तितके महत्त्वाचे वाटत नाही. वरिष्ठ विकला गेला असताना, वरून हुकूम यायची शक्यता नसताना, हाताखालच्या एका पोराने सरकारी मालमत्तेची जबाबदारी आपणहून उचलली, हा त्या हकीकतीचा गाभा आहे.

तो काळच तसा होता. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला, राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. राजधानी नाही, खजिना नाही, हुकूम देणारा हजार मैलांवर. घाटावर संताजी-धनाजींनी जे केले त्याचे पोवाडे झाले. त्याच वर्षांत खाली कोकणात एकेक किल्ला परत घेण्याचे काम चालू होते, आणि त्यात कान्होजी पुढे येत होते. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर १६९८ मध्ये वारले आणि सरखेलीची वस्त्रे कान्होजींकडे आली. सरखेल म्हणजे आरमाराचा सर्वोच्च अधिकारी. वय तिशीच्या आत-बाहेर. पुढची तीस वर्षे, अखेरच्या दिवसापर्यंत, ते याच हुद्द्यावर होते.

दस्तक म्हणजे काय?

आता चाचेगिरीच्या आरोपाकडे वळू. कान्होजींच्या टापूतून, म्हणजे मुंबईच्या दक्षिणेपासून पार विजयदुर्गाच्या खालपर्यंतच्या किनाऱ्यावरून, व्यापारी जहाज न्यायचे तर त्यांचे दस्तक घ्यावे लागे. दस्तक म्हणजे परवाना. ठरलेली रक्कम भरायची, कागद घ्यायचा आणि निर्धास्त जायचे. कागद असलेल्या जहाजाला हात लावायचा नाही. कागद नसेल तर जहाज अडवून कुलाब्याला किंवा विजयदुर्गाला न्यायचे आणि दंड वसूल झाल्यावर सोडायचे.

ही पद्धत कान्होजींनी शोधून काढलेली नव्हती. पोर्तुगीज येऊन दोनशे वर्षे झाली होती आणि तेव्हापासून ते हिंदी महासागरात हेच करीत होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. मोगल बादशहाच्या माणसांच्या जहाजांनाही मक्केला जाताना तो घ्यावा लागे. इंग्रजही आपले परवाने देत होते. कोणी परवाना दिला तर कायदा आणि कोणी दिला तर दरोडा, हे शेवटी दर्यावर हुकमत कोणाची मानायची यावर ठरत होते. या किनाऱ्याचे राज्य छत्रपतींचे आणि छत्रपतींनी नेमलेला दर्याचा अधिकारी मी, तेव्हा जकात माझ्याकडे भरा, एवढेच कान्होजींचे म्हणणे होते. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला त्यात वावगे काही दिसत नाही. दरोडेखोर रक्कम घेऊन पावती देत नाही, आणि पावती दाखवणाऱ्याला वाटेला लावून देत नाही. स्वतःचे नाणे तर तो मुळीच पाडत नाही. अलिबागी रुपया हे आंग्र्यांचे चांदीचे नाणे होते.

भांडणाची खरी गोम आणखी पुढे आहे. कंपनीच्या जहाजांना सूट द्यायला कान्होजी तयार होते. पण मुंबईचे खाजगी व्यापारी, काही गोरे तर काही इथलेच, आपला माल कंपनीच्या निशाणाखाली घालून ती सूट उकळू लागले. बँकेत ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याला हा प्रकार नवा नाही. खाते एकाचे, व्यवहार दुसऱ्याचाच. कान्होजींनी अशी जहाजे धरायला सुरुवात केली आणि मुंबईकर इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले.

१७१२ मध्ये तर त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौकाच पकडली. त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला आणि त्याची अगदी कोवळ्या वयाची पत्नी कैदेत सापडली. तीस हजार रुपये घेऊन १७१३ मध्ये तिला सोडले. आजच्या नजरेने हे वाचताना मला बरे वाटत नाही. खंडणीसाठी माणसे अडकवून ठेवणे त्या काळी सारेच करीत, हे खरे असले, तरी त्या मुलीची त्यात काय चूक होती? कान्होजींचे चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्याच वेळी इंग्रजांनी त्यांच्याशी रीतसर तह केला, हेही विसरता येत नाही. नुसत्या दरोडेखोराशी गव्हर्नर तहाची कलमे लिहीत बसत नाही.

दोन गाद्या, एक आरमार

कोल्हापूरकरांना बोचणारी गोष्ट यानंतरची आहे. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्या. कान्होजी सुरुवातीला महाराणी ताराबाईंच्या बाजूचे. १७०० पासून सात वर्षे औरंगजेबासारख्या शत्रूशी झुंजून ताराबाईंनी राज्य राखले होते, आणि त्या सात वर्षांत कोकणपट्टी सांभाळणारा सरखेल कान्होजीच होता. म्हणजे आजच्या भाषेत ते आपल्या गादीचे माणूस.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवले. कान्होजींनी त्यांचा पराभव करून खुद्द पेशव्यालाच कैद केले. आता हा माणूस साताऱ्यावर चालून येतो की काय, अशी वेळ आली. शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवाईची वस्त्रे दिली आणि पुढे धाडले. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे, सिद्दीच्या जाचाने देशावर आलेले. कोकण आणि आंग्रे दोन्ही त्यांना ठाऊक. लढाईऐवजी त्यांनी बोलणी लावली. लोणावळ्याच्या परिसरात दोघे भेटले आणि १७१४ मध्ये करार झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती मानले, पिंगळ्यांना सोडले. बदल्यात सरखेली कायम राहिली आणि दहा मोठे व सोळा लहान असे सव्वीस किल्ले त्यांच्याकडे राहिले. दर्यावर कोणी चालून आले तर घाटावरची फौज मदतीला येईल, हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग होता.

ताराबाईंना सोडून कान्होजी साताऱ्याला मिळाले, ही बेइमानी म्हणायची का? आमच्याकडच्या काही जाणत्या मंडळींकडून मी हा प्रश्न ऐकला आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या बाईने सर्वांत कठीण काळात राज्य टिकवले, तिचा हात असा सुटणे मनाला लागतेच. त्यातच १७१४ साली पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचे पुत्र यांना कैदेत टाकून राजसबाईंचे पुत्र संभाजी यांना गादीवर बसवण्यात आले. ताराबाईंची बाजू चहूकडून खचत होती.

पण कान्होजींच्या जागी बसून पाहिले तर काय दिसते? उत्तरेला मुंबईचे इंग्रज, वसई-चौलचे पोर्तुगीज, उशाला जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेला गोवा, शेजारी वाडीचे सावंत. घाटमाथ्यावर एक भक्कम सत्ता पाठीशी नसेल तर आरमार दोन वर्षे टिकणार नाही. लाकूड, धान्य, माणसे सगळे घाटावरून आणि घाटाच्या आश्रयाने येणार. कान्होजींनी माणूस निवडण्यापेक्षा आरमार निवडले, असे मला वाटते. त्याची किंमत कोल्हापूरच्या गादीने मोजली. तरी दर्या कोल्हापूरला कायमचा अंतरला असे झाले नाही. सिंधुदुर्ग आणि मालवण पुढे शंभर वर्षे, १८१२ पर्यंत, कोल्हापूरकडे होते आणि कोल्हापूरच्या त्या आरमारालाही इंग्रजांनी चाचेच म्हटले. शब्द तोच, तक्रारही तीच.

पाच स्वाऱ्या, एकही किल्ला नाही

या कराराची परीक्षा लवकरच झाली. चार्ल्स बून हा नवा गव्हर्नर १७१५ च्या अखेरीस मुंबईत आला. त्याने शहराभोवती तट बांधला, लढाऊ जहाजे बांधली आणि आंग्र्यांना बुडवण्याचा विडा उचलला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर स्वारी झाली, ती फसली. १७१८ मध्ये खांदेरीवर, तीही फसली. १७२० मध्ये तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्गावर आले आणि पुन्हा रिकाम्या हाताने गेले.

अपयशाचा राग कुठेतरी काढावा लागतो. मुंबईत रामा कामती नावाचे मोठे व्यापारी होते. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे. त्यांनी कान्होजींशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १७२० मध्ये त्यांच्यावर खटला चालवला, मालमत्ता जप्त केली आणि त्यांना तुरुंगात टाकले. १७२८ मध्ये ते कैदेतच वारले. ज्या पत्राच्या आधारे त्यांना दोषी ठरवले ते बनावट होते, हे पुढे उघडकीस आले. कान्होजींच्या नावाचा मुंबईने किती धसका घेतला होता, ते यावरून कळते.

१७२१ च्या अखेरीस सर्वांत मोठी स्वारी आली. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातला कमोडोर मॅथ्यूज चार युद्धनौका घेऊन आला, पोर्तुगीजांचा गोव्याचा व्हाइसरॉय आपली फौज घेऊन आला, आणि दोघे मिळून सहा हजारांच्या घरातले सैन्य अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाब्यासमोर उभे राहिले. या वेळी १७१४ चा कागद कामाला आला. शाहू महाराजांची फौज घाट उतरली आणि खुद्द पहिले बाजीराव, नुकतेच पेशवे झालेले, कुलाब्याच्या मदतीला आले. हल्ला मोडला. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठा स्वाराचा भाला लागला. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून अंग काढून घेतले आणि दोघे मित्र एकमेकांना दोष देत परतले. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर नशीब अजमावून पाहिले. त्यांचीही तीच गत झाली.

असे कसे घडले? कान्होजींकडे युरोपियनांच्या तोडीची उंच, जड जहाजे नव्हती. त्यांची गुराबे रुंद आणि उथळ बुडाची, नाळेवर तोफा असलेली. गलबते त्याहून हलकी, वल्ह्यांवर चालणारी. मोठे जहाज वारा पडला की लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राहते. आंग्र्यांची गलबते अशा वेळी वल्ही मारत मागच्या बाजूने येत, जिथे त्या जहाजाच्या तोफा पोचत नसत. संकट आले तर खाडीत शिरायचे. उथळ पाण्यात मोठे जहाज मागे येऊच शकत नाही. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत खडक फोडून केलेली आंग्र्यांची गोदी आजही पाहायला मिळते. या जहाजांवर कोळी होते, भंडारी होते, गाबीत होते, दालदी मुसलमान होते. किनाऱ्यावरच्या माणसांना किनाऱ्याच्या लढाईत वापरायचे, ही शिवछत्रपतींची शिकवण कान्होजींनी तंतोतंत पाळली.

ते गेल्यावर

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. वय साठीच्या घरात. अलिबागला त्यांची समाधी आहे. शेवटपर्यंत एकही मोठा किल्ला त्यांच्या हातून गेला नाही, आणि साताऱ्याशी केलेला शब्दही मोडला नाही.

नंतरची कथा मात्र आपल्या प्रत्येक गावात घडते तशी आहे. थोरले चिरंजीव सेखोजी चार वर्षांत, १७३३ मध्ये, वारले. संभाजी आणि मानाजी या भावांत भांडण लागले. १७३५ मध्ये बाजीरावांनी मध्यस्थी करून वाटणी केली : कुलाबा मानाजींकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडची बाजू सरखेलीसह संभाजींकडे. तंटा मिटला, पण एका आरमाराची दोन झाली. आमच्याकडे विहिरीची वाटणी होते आणि मोटेचा दोर मात्र एकच उरतो, तशातला हा प्रकार. संभाजींच्या मागून तुळाजी आले. ते पराक्रमी होते, पण पेशव्यांशी त्यांचे वाकडे आले.

मग जे व्हायला नको होते ते झाले. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींना नमवण्यासाठी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या आणि बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले. बून आणि मॅथ्यूज यांना जे साधले नाही ते इंग्रजांना मराठ्यांच्याच मदतीने साधले. हेच वॉटसन आणि क्लाइव्ह त्यानंतर बंगालला गेले, आणि १७५७ च्या जूनमध्ये प्लासी झाली.

तुळाजींची बाजू सर्वस्वी बरोबर होती असे मी म्हणत नाही. छत्रपतींच्या प्रधानाला न जुमानणारा सरखेल कोणत्याही राज्याला परवडत नाही. पण हाताखालचा अधिकारी डोईजड झाला म्हणून त्याचे खातेच जाळून टाकायचे, ही कोणती कारभाराची रीत? बाळाजी विश्वनाथांनी पेशव्याला कैद करणाऱ्या माणसाशीही बोलणी केली होती, कारण त्यांना आरमार हवे होते. त्यांच्याच नातवाला ते नकोसे झाले. बेचाळीस वर्षांत १७१४ च्या कराराचा अर्थच विसरला गेला.

कुलाब्याचे संस्थान त्यानंतरही नावापुरते राहिले आणि १८४० मध्ये वारस नाही म्हणून कंपनीने खालसा केले. स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाने आपल्या मुंबईतल्या तळाला १९५१ मध्ये आय. एन. एस. आंग्रे हे नाव दिले. बूनने ज्यांच्या भीतीने कोट मजबूत केला त्यांचेच नाव त्या कोटाच्या परिसरात लागले. १९९९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०२२ च्या सप्टेंबरात नौदलाच्या ध्वजावरून इंग्रजी अंमलाची खूण असलेला क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट तिथे आली.

हा सन्मान योग्यच आहे. मात्र पुतळे आणि तिकिटे यांच्या गर्दीत कान्होजींचे खरे काम हरवू नये, असे वाटते. त्यांनी बांधलेली जहाजे जळाली, किल्ले ओस पडले. त्यांनी तीस वर्षे जे राखले ते एक नाते होते : किनाऱ्याने परक्याला अडवायचे आणि घाटाने किनाऱ्याच्या पाठीशी उभे राहायचे. १७२१ मध्ये दोन्ही बाजूंनी ते पाळले तेव्हा दोन युरोपीय सत्ता हात चोळत परतल्या. १७५६ मध्ये घाटाने ते मोडले आणि शंभर वर्षांच्या आत घाटही गेला, किनाराही गेला. सुट्टीत मुले अलिबागला जायचा हट्ट धरतील तेव्हा ओहोटीची वेळ साधून त्यांना कुलाब्यात न्या, आणि घाट उतरून आलेल्या त्या फौजेची गोष्ट तिथे उभे राहून सांगा.